हातात नव्व्या, समोर तिसरी बेट

दोन नव्व्या हातात आल्या की माणूस थोडा सुखावतोच. एक्के-राजे नाहीत, पण हात अगदी रिकामाही नाही. तुम्ही रेज करता, पुढचे दोघे पत्ते टाकतात. मग बटणावर बसलेले गृहस्थ, ज्यांनी गेल्या तासाभरात कॉफीच्या पेल्याखेरीज कशाला हात लावलेला नाही, ते शांतपणे चिपांची थप्पी पुढे सरकवतात. री-रेज. क्षणभरापूर्वी बऱ्या दिसणाऱ्या नव्व्या आता केविलवाण्या वाटू लागतात.

मी कॅलिफोर्नियात नोकरीला असताना शनिवारी एका कार्डरूममध्ये 10-20 डॉलरचा लिमिट होल्डम खेळायला जात असे. हा प्रसंग पहिल्यांदा आला तेव्हा मला राग आला. का, ते आजही सांगता येत नाही. कुणीतरी आपल्या बोलण्यावर आवाज चढवला, तसं काहीसं वाटलं. मी चौथी बेट लावली. फ्लॉप आला सत्ती, चौकी, दुर्री, आणि माझ्या रागाला बळ मिळालं. शेवटी गृहस्थांनी दोन राण्या उलट्या केल्या. माझे शंभर डॉलर गेले. पुढच्याच शनिवारी एका पोरसवदा खेळाडूने तसाच री-रेज केला. दुधाने तोंड पोळलेलं असल्यामुळे मी निमूटपणे नव्व्या टाकून दिल्या. त्या रात्री मला वाटलं, आपण शहाणे झालो. खरं तर दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती, फक्त ती कुणाला दिसली नाही, मलासुद्धा.

हा लेख त्या दोन शनिवारांच्या मधल्या जागेबद्दल आहे. सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या आणि थोड्या प्रमाणात दश्श्या, अशी मधली जोडी हातात असताना समोरून री-रेज आला तर लिमिटच्या खेळात काय करायचं?

आधी खेळाची चौकट आठवून घेऊ. लिमिटमध्ये बेटेचा आकार ठरलेला असतो. 10-20 च्या टेबलावर पत्ते वाटल्यावर आणि फ्लॉपवर दहा-दहाने वाढ होते, टर्न आणि रिव्हरवर वीस-वीसने. लहान ब्लाइंड 5 डॉलरचा, मोठा 10 चा. एका फेरीत साधारणपणे एक बेट आणि तीन रेज, म्हणजे चार थर, त्यानंतर कॅप. काही खोल्यांत पाच थर चालतात, आणि दोघेच उरले तर अनेक ठिकाणी मर्यादाच नसते. टीव्हीवर दिसतो तो, सगळ्या चिपा मधोमध ढकलण्याचा खेळ वेगळा, तो नो-लिमिट. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने जागतिक स्पर्धा जिंकली आणि जगाला त्या प्रकाराचं वेड लागलं. लिमिट मागे पडला, पण अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या कार्डरूममध्ये तो अजून नांदतो आणि तिथल्या टेबलांवर मराठीही कानावर पडतं. भारतात राहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळण्यावर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. घरी काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळायला मात्र कुणाची ना नाही, आणि खालचा हिशेब काड्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

नो-लिमिट खेळून आलेल्या माणसाचा इथे पहिला घोटाळा होतो. तिकडे री-रेज म्हणजे धमकी असते. पुढे आणखी केवढं मोजावं लागेल याचा नेम नसतो, म्हणून मधली जोडी टाकणं तिथे अनेकदा बरोबर ठरतं. इथे री-रेजची किंमत दहा डॉलर, आणि पुढची सगळी बिलंही आधीच छापलेली.

बेरीज करून पाहू. तुम्ही मधल्या जागेवरून रेज केला, 20 डॉलर. बटणाने री-रेज केला, 30. दोन्ही ब्लाइंडांनी पत्ते टाकले, त्यांचे 15 तिथेच राहिले. पॉटमध्ये 65 डॉलर आहेत आणि तुम्हाला भरायचे आहेत 10. साडेसहास एक असा भाव मिळतोय. फ्लॉपवर तिसरी नव्वी येण्याची शक्यता 11.8 टक्के, म्हणजे साडेसातास एक. नुसत्या तिसऱ्या नव्वीच्या आशेवर भरले तरी भाव जवळपास जुळतो, कारण ती आली तर पुढे आणखी कमाई होते. शिवाय बऱ्याचदा नव्व्या काहीही न सुधारता जिंकतात. तेव्हा स्वतः रेज केल्यानंतर एका बेटेसाठी जोडी टाकणं हा प्रश्नच उद्भवत नाही. सत्त्या असोत, अठ्ठ्या असोत, समोर कितीही कंजूष माणूस असो, दहा डॉलर भरायचे. माझा दुसरा शनिवार इथेच चुकला.

मग चौथी बेट? दश्श्या असतील आणि समोरचा ऊठसूट री-रेज करणारा असेल तर लावायला हरकत नाही. नव्व्या किंवा त्याखाली मला ती पटत नाही. एक तर तुम्हाला बहुधा त्याच्या आधी खेळावं लागणार आहे, आणि आधी बोलणाऱ्याने पॉट फुगवू नये. या बाबतीत एका यंत्राचा दाखला देण्याजोगा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 च्या जानेवारीत ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केलं, की दोघांमधला लिमिट होल्डम त्यांनी व्यवहारात सोडवून टाकला आहे. त्यांच्या ‘सेफियस’ या प्रोग्रॅमने सुमारे 4,800 प्रोसेसरांवर 68 दिवस स्वतःशीच खेळून तो तोडगा काढला. त्या तोडग्यात वाटणाऱ्याच्या जागेवरून रेज केल्यावर समोरून री-रेज आला, तर सेफियस जवळजवळ कधीच शेवटचा रेज करत नाही. हातात दोन एक्के असले तरी 0.01 टक्क्यापेक्षा कमी वेळा! तो नुसता कॉल करतो आणि आपले पत्ते कुठल्या दर्जाचे आहेत याचा पत्ता लागू देत नाही. दोघांचा खेळ आणि नऊ जणांचं टेबल यांत फरक आहे, शिवाय तिथे सेफियस नंतर बोलतो आणि तुम्ही आधी, त्यामुळे ही गोष्ट जशीच्या तशी उचलू नका. पण री-रेज म्हणजे आव्हान आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे, ही समजूत डोक्यातून काढायला एवढं पुरे.

खरा निर्णय फ्लॉपवर आहे. आणि त्या निर्णयातला मोठा भाग तुमच्या पत्त्यांवर ठरतच नाही. री-रेज कुणी केला, यावर ठरतो.

दोन माणसं घ्या. पहिले आपले कॉफीवाले गृहस्थ. ते दश्श्या ते एक्के या जोड्या, एक्का-राजा आणि एकाच रंगाचे एक्का-राणी, एवढ्यावरच री-रेज करतात. प्रत्येक जोडी सहा तऱ्हांनी येते, म्हणून पाच जोड्यांच्या 30 तऱ्हा. एक्का-राजा 16, एका रंगाचे एक्का-राणी 4. एकूण 50. तुमच्याकडे नव्व्या असताना या 50 पैकी 30 वेळा तुम्ही आधीच मेलेले आहात आणि 20 वेळा किंचित पुढे. सगळं मिळून शेवटपर्यंत गेलं तर तुम्ही साधारण तीनात एकदा जिंकाल.

दुसरा तो पोरगा. छक्क्यांपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्क्याबरोबर दश्शी किंवा मोठं काहीही, राजा-राणी, राजा-गुलाम, इतक्यावर तो चिपा उडवतो. तुमच्या दोन नव्व्या वगळून मोजलं तर या 145 तऱ्हा होतात. त्यांतल्या फक्त 30 मोठ्या जोड्या. 96 वेळा त्याच्याकडे दोन मोठी पण सुटी पानं आहेत आणि 18 वेळा तुमच्याहून लहान जोडी. इथे तुम्ही निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकता.

जोडी तीच, री-रेज तोच, दहा डॉलर तेच. एका ठिकाणी तुम्ही तिसऱ्या हिश्श्याचे मालक, दुसऱ्या ठिकाणी निम्म्याचे.

हा फरक ओळखायचा कसा? चेहऱ्यावरून नव्हे. कार्डरूममध्ये ताशी तीसेक हात खेळले जातात. कॉफीवाल्यांच्या यादीतले पत्ते सरासरी 26-27 हातांत एकदा येतात, म्हणजे तासाला जेमतेम एकदा, आणि त्याच वेळी आधी कुणी रेज केलेला असला पाहिजे. पोरग्याच्या यादीतले पत्ते नऊ हातांत एकदा येतात. तेव्हा टेबलावर बसल्यापासून कोण किती वेळा तिसरी बेट लावतो, ते मनातल्या मनात मोजत राहा. तासाभरात एखाद्याने तीनदा लावली असेल तर तो कॉफीवाला नाही. आणि हात शेवटपर्यंत गेला की फोनमध्ये डोकं खुपसू नका. काय दाखवून जिंकला ते बघा. मला हे शिकायला दोन वर्षं लागली, कारण आपला हात संपला की मी सामोसे शोधायला उठत असे.

आता एक आकडा पाठ करायचा. तुम्ही दहा भरल्यावर पॉट 75 डॉलरचा होतो. समजा पुढे तुम्ही फक्त चेक आणि कॉल करत शेवटपर्यंत गेलात. फ्लॉपवर 10, टर्नवर 20, रिव्हरवर 20, म्हणजे आणखी 50 डॉलर मोजायचे. जिंकलात तर आधीचे 75 आणि त्याचे 50, मिळून 125 मिळतील. 125 साठी 50, म्हणजे अडीचास एक. शंभरात 29 वेळा जिंकलात की बरोबरी. एकोणतीस टक्के. निम्म्याहून जास्त वेळा हरूनही तुम्ही नफ्यात राहू शकता, ही गोष्ट मनाला पटायला जड जाते. आपल्याला लहानपणापासून हात जिंकण्याची सवय असते. इथे हात मोजायचे नसतात, डॉलर मोजायचे असतात. (खोलीची नाल मी हिशेबात धरलेली नाही. ती धरली तर एकोणतीसचे एकतीस समजा.)

मग फ्लॉप उलटतो.

नव्व्यांच्या डोक्यावर एकही मोठं पान न येणारा फ्लॉप पाचात एकदा मिळतो. दश्श्यांना तो दहात तीनदा मिळतो, अठ्ठ्यांना शंभरात तेरा वेळा आणि सत्त्यांना फक्त आठ वेळा. ‘मधली जोडी’ असं आपण एका दमात म्हणतो, पण सत्ती आणि दश्शी यांच्यात एवढी दरी आहे. पोकरवर लिहिणाऱ्या स्क्लान्स्की आणि मालमुथ यांनी 1988 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हातांची प्रतवारी लावताना दश्श्या दुसऱ्या गटात, नव्व्या तिसऱ्या, अठ्ठ्या चौथ्या आणि सत्त्या पाचव्या गटात टाकल्या, ते उगाच नाही.

समजा फ्लॉप सत्ती-चौकी-दुर्री आहे, तीन वेगळ्या रंगांची. कॉफीवाल्यांच्या विरुद्ध तुम्ही अजूनही 50 पैकी 20 तऱ्हांच्याच पुढे आहात. एक्का-राजावाल्याला पुढच्या दोन पानांत सहा पानं उपयोगी पडतात आणि चारात एकदा तो तुम्हाला गाठतो, तर तुम्हाला मोठ्या जोडीविरुद्ध दोनच नव्व्या उपयोगी. सगळं धरून तुमचा हिस्सा 35 टक्क्यांच्या आसपास. एकोणतीसपेक्षा जास्त, म्हणून टाकायचे नाहीत. पन्नासपेक्षा बराच कमी, म्हणून आपण होऊन पॉट फुगवायचा नाही. पहिल्या शनिवारी मी नेमका तो फुगवला.

पण इथे नुसतं चेक-कॉल करत जाण्यात एक गळती आहे. त्यांच्याकडे राण्या असतील तर ते तिन्ही फेऱ्यांत बेट लावतील आणि तुम्ही पूर्ण पन्नास मोजाल. एक्का-राजा असेल तर टर्नवर ते चेक करतील आणि फुकटात आणखी एक पान पाहतील. हरताना पूर्ण पैसे, जिंकताना अर्धे. यावर एक चांगला उपाय आहे: फ्लॉपवर चेक करून दहा भरा, आणि टर्नवर निरुपद्रवी पान आलं तर आपण होऊन वीसची बेट लावा.

याचा फायदा आकड्यांत बघा. फ्लॉपनंतर पॉट 95 चा होतो. तुमचे वीस पडले की 115. एक्का-राजावाल्याला 115 साठी 20 भरायचे आहेत, पावणेसहास एक. त्याच्या सहा पानांपैकी एक रिव्हरवर येण्याचा भाव आहे 40 ला 6, म्हणजे 6.67 ला एक. त्याने भरले तर निव्वळ पॉटच्या भावाने तो चुकला, टाकले तर तुमचं काम झालं. आणि कॉफीवाल्यांकडे मोठी जोडी असेल तर ते इथे रेज करतील. तेव्हा नव्व्या टाकून द्या. अशा माणसाचा टर्नवरचा रेज खोटा नसतो. जो निकाल तुम्हाला टर्न आणि रिव्हर मिळून चाळीस डॉलरला कळला असता तो वीसमध्ये कळला. रेज न करता त्यांनी नुसतं भरलं, तर रिव्हरवर पुन्हा चेक-कॉल.

हाच फ्लॉप पोरग्याविरुद्ध असेल तर मात्र फ्लॉपवरच चेक-रेज मारा आणि टर्नवर बेट लावा. हेतू त्याला पळवून लावण्याचा नाही. लिमिटमध्ये माणूस पळत नाही. चेक-रेजनंतर त्याला 105 साठी 10 भरायचे असतात, साडेदहास एक, एवढ्या स्वस्तात कुणीही पुढचं पान बघेल आणि बरोबरच करेल. हेतू एवढाच, की तुम्ही बहुतेक वेळा पुढे आहात तर त्याच्याकडून जास्त पैसे यावेत. त्याने पलटून तिसरी बेट लावली तरी घाबरू नका. अशी माणसं छक्क्यांवरही ती लावतात. मग मात्र सूर खाली आणायचा आणि शेवटपर्यंत कॉल करायचा.

आता जास्त वेळा येणारा प्रसंग: एकच मोठं पान. इथे बहुतेक पुस्तकं ‘ओव्हरकार्ड आलं’ एवढंच म्हणून पुढे जातात, आणि माझी त्यांच्याशी हीच तक्रार आहे. एक्का येणं आणि गुलाम येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोरग्याच्या यादीवरच मोजून दाखवतो. फ्लॉपवर सत्ती, दुर्री आणि तिसरं पान एक्का आला, तर नव्व्या त्याच्या 36 टक्के तऱ्हांच्याच पुढे उरतात. एक्क्याऐवजी राजा आला तर 47 टक्के. गुलाम आला तर 58. कारण उघड आहे: री-रेज करणाऱ्याच्या यादीत एक्के खच्चून भरलेले असतात, राजे त्याहून कमी आणि गुलाम त्याहूनही. फ्लॉपवर गुलाम दिसताच नव्व्या टाकणारे लोक मी शेकड्याने पाहिले आहेत, आणि एक्का आल्यावरही ‘तो खोटं खेळतोय’ म्हणून शेवटपर्यंत जाणारेही.

म्हणून पोरग्याविरुद्ध गुलाम किंवा राजा आला तर रिव्हरपर्यंत कॉल, तोंडातून शब्द न काढता. एक्का आला तर हिशेब काठावर येतो. मी फ्लॉपवर एकदा भरतो, टर्नवर त्याने पुन्हा बेट लावली तर त्याचा आजवरचा इतिहास आठवतो आणि निम्म्या वेळा टाकतो. यापेक्षा ठाम उत्तर माझ्याकडे नाही.

कॉफीवाल्यांच्या विरुद्ध एक्का किंवा राजा आला तर विचारच नको. राजा-सत्ती-दुर्री या फ्लॉपवर त्यांच्या उरलेल्या 43 तऱ्हांपैकी 39 तुमच्या पुढे आहेत. त्यांनी बेट लावली की नव्व्या डीलरकडे सरकवा. ‘दहाच तर डॉलर आहेत, एक पान बघून घेऊ’ असं मनात येतं. पुढच्या पानावर नव्वी येण्याचा भाव साडेबावीसास एक आहे आणि पॉट देतोय साडेआठास एक. ही दहा डॉलरची ‘पाहून घेऊ’ची सवय महिन्याकाठी एका विमानाच्या तिकिटाएवढी पडते.

दोन मोठी पानं एकदम आली, एक्का-राणी-पंजी किंवा राजा-गुलाम-चौकी, तर समोर कुणीही असो, टाका आणि पुढच्या हाताकडे बघा.

आणि तिसरी नव्वी आली तर? आठ-साडेआठ वेळांत एकदा येते. तेव्हा लपवाछपवीचा मोह होतो, टर्नवर बेट मोठी असते म्हणून तिथे चेक-रेज मारावासा वाटतो. एक्का-राजावाला समोर असेल आणि फ्लॉपवर त्यांतलं काही आलेलं नसेल तर थांबणं ठीक. पण फ्लॉपवर एक्का किंवा राजा दिसत असेल, किंवा समोर मोठ्या जोड्यांचा माणूस असेल, तर तिथेच चेक-रेज मारा. तो पलटून रेज करेल, तुम्ही पुन्हा कराल, आणि टर्नपर्यंत पॉट इतका सुजलेला असेल की त्याला बाहेर पडता येणार नाही. कॉफीवाल्यांकडून दुप्पट वसुली करण्याची ही एकच वेळ असते.

आतापर्यंत मी धरून चाललो, की री-रेज करणारा तुमच्या मागे बसलाय आणि दोघेच उरलात. तो ब्लाइंडमध्ये बसलेला असेल तर पारडं तुमच्याकडे झुकतं. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत आधी तो बोलणार, मग तुम्ही. त्याने चेक केलं तर तुम्हीही चेक करून पान फुकट पाहू शकता, खालचा फ्लॉप असेल तर टर्नवर रेज करून मोठ्या बेटेचे पैसे घेऊ शकता. शिवाय तुम्ही बटणावरून रेज केला असेल तर ब्लाइंडवाला जाणतो की तुमच्याकडे काहीही असू शकतं, म्हणून त्याचीही यादी रुंद असते. इथे काठावरच्या निर्णयात कॉलकडे झुका.

उलट प्रसंग जास्त धोक्याचा. तुमच्या आधी एकाने रेज केला, दुसऱ्याने री-रेज, आणि तुमचा अजून एक पैसाही पॉटमध्ये नाही. आता 65 साठी 10 नव्हे, 30 भरायचे आहेत. समोर एक नाही तर दोन बळकट हात आहेत, आणि पहिला अजून चौथी बेट लावू शकतो. नव्व्या टाका. अठ्ठ्या-सत्त्यांबद्दल बोलायलाच नको. दश्श्या मी पोरग्यासारख्या दोघांच्या मध्ये सापडलो तरच खेळतो, आणि खेळायच्या तर शेवटचा रेज करून, म्हणजे मागच्यांना आत शिरणं महाग पडतं. नुसता कॉल इथे सगळ्यांत वाईट. लोकांचा गोंधळ होतो तो असा: ‘री-रेजला जोडी टाकायची नाही’ एवढं एक वाक्य पाठ करतात आणि स्वतः आधी पैसे घातलेत की नाहीत हे विसरतात.

तिसरा प्रकार गर्दीचा. तुमचा रेज, कुणाचा कॉल, मग री-रेज, पुन्हा दोघांचे कॉल, आणि चार-पाच जण फ्लॉप बघायला तयार. शनिवारी रात्री कॅलिफोर्नियातल्या स्वस्त टेबलांवर हेच चित्र असतं. इथे मोठ्या जोडीची भीती नाही, गर्दीची आहे. तिसरी नव्वी आली तर खेळ, नाही तर राम राम. अपवाद फक्त खालच्या फ्लॉपचा. री-रेज करणारा तुमच्या लगेच डावीकडे असेल तर चेक करून त्याच्या बेटेची वाट पाहू नका. तोवर बाकीचे दहा-दहा भरून बसलेले असतात आणि मग तुमच्या रेजला ते हलत नाहीत. त्याऐवजी आपण होऊन बेट लावा. तो सवयीने रेज करेल, आणि बाकीच्यांना एकदम वीस मोजावे लागतील. राजा-गुलाम, राणी-दश्शीवाले तिथे गळतात. गर्दीत माणसं कमी करायची असतील तर शेजाऱ्याच्या हाताने करायची.

हे सगळं टेबलावर बसून आठवत नाही, आठवायला सवडही नसते. डीलर बोटाने टेबल ठोठावत असतो. म्हणून घरी एक काम करा. पत्त्यांच्या जोडातून किल्वर आणि बदाम नव्वी काढून समोर ठेवा. उरलेली 50 पानं पिसा आणि तीन उलटी करा. मोठी पानं किती आली, कुठली आली, तिसरी नव्वी आली का, एवढं वहीत लिहा, पानं परत घाला, पुन्हा पिसा. पन्नास वेळा करा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. सहाएक वेळा तिसरी नव्वी दिसेल, दहाएक वेळा डोक्यावर काहीच नसेल. प्रत्येक फ्लॉपला मोठ्याने दोनदा उत्तर द्यायचं, एकदा कॉफीवाल्यांसाठी, एकदा पोरग्यासाठी. माझी बायको पहिल्या दिवशी शेजारी भाजी निवडत हे ऐकत होती. चाळिसाव्या फ्लॉपला, राजा-सत्ती-तिर्रीला, मी अडखळलो, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “अहो, म्हातारा असेल तर टाका, पोरगा असेल तर भरा.”